डीएनए वाचून मासा वाचतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे, जनुकशास्त्र आवडतं आणि नामशेष होऊ घातलेल्या माशांसाठी काम करायचं आहे. कुठली पदवी घ्यावी, कुठल्या प्रयोगशाळेत जावं, यात पोट भरेल का, असं विचारलंत. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत: 'नद्या आटतायत, घाण होतायत, तिथे डीएनए बघून मासा खरंच वाचतो का?'

मला ती शेवटची ओळ सगळ्यात मोलाची वाटते. पदवी आणि प्रयोगशाळेची उत्तरं तिच्यातूनच निघतात, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. गेली बावीस वर्षं मी गोड्या पाण्यातल्या माशांच्या जनुकशास्त्रात आहे, आणि त्यातला बराच काळ महशीर या मोठ्या खवल्यांच्या नदीतल्या माशाबरोबर गेला. डीएनएमुळे नदीला पाणी येत नाही, वाळूउपसा बंद होत नाही, डोहात जिलेटिनचा बार उडवणारा माणूस थांबत नाही. पण नदीत कुठला मासा सोडायचा, कुठला अजिबात सोडायचा नाही, हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, कुठल्या मादीला कुठला नर द्यायचा, हे डीएनए न बघता ठरवलं तर चांगल्या मनाने केलेलं कामच माशाच्या मुळावर येऊ शकतं. आमची खरी गरज तिथे लागते.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यापासून सुरू होऊन कावेरीत जातं. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला एक महशीर होता. शास्त्रीय नाव आज टॉर खुद्री. निळसर परांचा, देखणा, अंगावर मोठे खवले. धरणं झाली, नद्यांचे वरचे पट्टे तुटले आणि हा मासा कमी होत गेला. १९७०च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने त्याची हॅचरी उभी केली. महशीरची पिल्लं माणसाच्या हाताखाली वाढवणं तेव्हा सोपं नव्हतं, ते तिथल्या लोकांनी साधलं. ती मोठीच कामगिरी होती आणि मी ती आजही मानते. तिथलं मत्स्यबीज मग देशभर गेलं, कावेरीतही गेलं.

कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महशीर होता. पाठीवर कुबडासारखा उंचवटा, नारिंगी पर, आणि आकार असा की १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. कावेरीच्या काठी गळाने मासे धरून परत पाण्यात सोडणाऱ्यांचे तळ होते. कुठल्या दिवशी, किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती, याच्या नोंदी ते ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांचा महशीर वाढत गेलाय आणि कुबडाचा जवळजवळ दिसेनासा झालाय. एकूण महशीर भरपूर होते, त्यामुळे नदी चांगली आहे असं सगळ्यांना वाटत होतं. बाहेरून आणलेल्या माशाच्या गर्दीत घरचा मासा संपत चालल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. धरणं, वाळूउपसा, स्फोटकं ही कारणं होतीच. पण बाहेरच्या माशाच्या भरण्याकडे त्याआधी संशयाने कोणी पाहिलं नव्हतं.

पुढची अडचण मला अजून अस्वस्थ करते. या माशाला शास्त्रीय नावच नव्हतं! कित्येक वर्षं त्याला 'टॉर मुसुल्लाह' म्हणत. हे नाव सायक्सनेच दिलेलं, पण आपल्या शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका माशाला. तो मासा महशीरच नव्हे, वेगळ्या गटातला आहे, हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे आपल्या घोड नदीतल्या माशाचं नाव चुकून कावेरीच्या माशाला चिकटलं होतं आणि तेही काढून घ्यावं लागलं. नाव नसलेल्या माशाला संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत जागा मिळत नाही. यादीत नसेल तर त्याच्या नावाने पैसा मागता येत नाही आणि त्याला वेगळं संरक्षणही मिळत नाही.

कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत कुबडाचे काही मासे अजून आहेत असं कळल्यावर त्यांचा डीएनए, खवल्यांची मोजणी, शरीराची मापं, हे सगळं एकत्र करून पाहिलं गेलं. केरळातल्या पांबार नदीतून त्याआधीच टॉर रेमादेवी नावाचा महशीर नोंदला गेला होता. मोयारचा मासा तोच निघाला. हे जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी हा मासा लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. इकडे आपला टॉर खुद्री, जो आधी संकटग्रस्त होता, तो नव्या मूल्यमापनात चिंता नसलेल्या गटात गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या गोष्टीत आहे असं मला वाटतं. डीएनएने कावेरीचा मासा वाचवला असं आज कोणी म्हणू नये, ते काम अजून चालू आहे. पण नाव मिळालं, आणि 'महशीर सोडा' या आदेशाऐवजी 'कुठला महशीर?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आणि हे काम नुसत्या प्रयोगशाळेत झालेलं नाही. गळवाल्यांच्या वह्या, जुनी वर्णनं, मापं आणि डीएनएचा क्रम, हे सगळं जुळलं तेव्हा झालं.

आता थोडं आमच्या कामाच्या आतलं सांगते, कारण पुस्तकांत ते पहिल्याच दिवशी कोणी सांगत नाही.

बहुतेक विद्यार्थी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएपासून सुरुवात करतात. साधारण ६५० अक्षरांचा एक तुकडा वाचायचा आणि प्रजात ओळखायची. स्वस्त आहे, जलद आहे. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. कावेरीच्या मादीला लोणावळ्याच्या नरापासून पिल्लू झालं तर या तुकड्यावरून ते शुद्ध कावेरीचंच दिसेल. सुरुवातीच्या काळात मी एका प्रवाहातल्या माशांबद्दल 'संकराचा पुरावा नाही' असं एका अहवालात लिहिलं होतं. पेशीच्या केंद्रकातला, आई आणि बाप दोघांकडून येणारा डीएनए मी पाहिलाच नव्हता. मी लिहायला हवं होतं 'संकर तपासलेला नाही'. या दोन वाक्यांमधलं अंतर मला तीन वर्षांनी कळलं. तोवर त्या अहवालाच्या आधारे तिथे बीज सोडून झालं होतं. ते आजही मनाला लागतं.

त्यात महशीरची आणखी एक अडचण आहे. त्याच्यात १०० गुणसूत्रं असतात, त्याच्या पुष्कळशा नातलग माशांच्या दुप्पट. फार पूर्वी गुणसूत्रांचे दोन संच एकत्र आल्याचा तो वारसा आहे. त्यामुळे डीएनएवरच्या एकाच जागेची वाटणारी खूण प्रत्यक्षात दोन जागांवरून येते आणि साधं गणित बिघडतं. माणसावर किंवा उंदरावर चालणारी पद्धत तशीच उचलून इथे लावू नका.

हॅचरीतला हिशोब त्याहून साधा, पण जास्त वेळा चुकतो. समजा ५० माद्या आहेत आणि २ नर. नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य, भरपूर असतं, त्यामुळे दोन नरांवर काम भागतं. हॅचरीवाल्याला वाटतं आपल्याकडे ५२ ब्रूडर, म्हणजे प्रजननाचे मासे, आहेत. जनुकांच्या दृष्टीने हिशोब वेगळा: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण. म्हणजे ४०० भागिले ५२. उत्तर आठच्याही खाली येतं. बावन्न मासे पाळून आठांची पिढी तयार होते. अशा आठांची हजारो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) नदीत सोडली, तर नदीत असलेल्या शे-दोनशे रानटी माशांचं वैविध्यही त्या लोंढ्यात पातळ होतं. नदीत मासे वाढलेले दिसतात, छायाचित्रं चांगली येतात, आणि आतून मात्र ती जात एकाच घराण्याची होत जाते. एका हॅचरीत मी ब्रूडरची नातीगोती तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त मासे सख्खी भावंडं निघाली. तिथल्या माणसांनी जीव ओतून काम केलं होतं, त्यांना हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

उपाय महाग नाहीत. प्रत्येक ब्रूडरच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, म्हणजे कोण कोणाचा ते कळतं. एका मादीच्या अंड्यांचे चार भाग करायचे आणि प्रत्येकाला वेगळा नर द्यायचा. सगळ्या नरांचं मिल्ट एका भांड्यात ओतायचं नाही, कारण मग एखादाच जोरकस नर बहुतेक अंडी फळवतो. आणि प्रत्येक जोडीची सारखीच पिल्लं पुढे न्यायची, एखाद्या मादीची जास्त जगली म्हणून तिचीच भरायची नाहीत. हे शेवटचं पटवणं सगळ्यात अवघड जातं. जगलेली पिल्लं कोण टाकून देईल? त्यासाठी त्यांची दुसरी सोय आधीच करून ठेवावी लागते, बंदिस्त तलाव वगैरे.

हे नीट केलं तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं आहे. तिथल्या रेडफिश सरोवरात समुद्रातून सुमारे ९०० मैल चढून येणारा सॉकाय सामन हा मासा येतो. १९९१ मध्ये तो संकटग्रस्त ठरला आणि १९९२ मध्ये संपूर्ण हंगामात एकच नर परतला. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत रानातून परतलेले मासे अवघे १६. त्यांना आणि त्यांच्या वंशाला हॅचरीत ठेवून, प्रत्येक जोडी जनुकांवरून ठरवून वाढवलं. २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त मासे परतले. पुढच्याच वर्षी नदीचं पाणी इतकं तापलं की वर निघालेले बहुतेक वाटेतच मेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि या कामात येणाऱ्याने दोन्ही बरोबर घेऊनच यावं. जोड्या कितीही चांगल्या लावल्या तरी पाणी थंड ठेवणं जनुकशास्त्रज्ञाच्या हातात नाही.

आणि हॅचरी स्वतःही मासा बदलते. ओरेगॉनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउट माशावरचं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. हॅचरीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे रानात पिल्लं देण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते असं त्यात दिसलं. सिमेंटच्या टाकीत, हाताने टाकलेल्या खाद्यावर जो तगतो त्याला नदीत तगता येईलच असं नाही. म्हणून कुठे हॅचरीचा प्रस्ताव आला की मी पहिल्यांदा विचारते: रानटी मासे अजून स्वतःहून अंडी घालतायत का? घालत असतील तर तो पट्टा राखा, हॅचरीचा पैसा तिथे लावा.

आपल्याकडे हे लोकांनी फार पूर्वी केलेलं आहे. महाडजवळ वाळणकोंडीला, पालघर जिल्ह्यात वाडा गावाजवळ तिळशाला, कर्नाटकात शृंगेरीला देवाचे मासे म्हणून महशीर राखलेत. कोणी गळ टाकत नाही. अशा डोहांमध्ये बाहेरचं बीज आणून 'भर घालू' असं कोणी सुचवलं की मी हात जोडून विरोध करते. तिथला मासा त्या नदीचा असण्याची शक्यता अजून आहे, ती आपण आपल्या हाताने घालवू नये.

कुठली गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे तेही मोकळेपणाने सांगते. काही माशांना जनुकशास्त्रज्ञाची निकड नसते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेला लहानसा मासा घ्या. २०२० मध्ये त्याचं वर्णन झालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. इतक्या छोट्या जागेत राहणाऱ्या माशाचं सगळं भवितव्य त्या पाण्यावर आहे. तिथे डीएनए वाचणाऱ्या नवीन यंत्रापेक्षा उगमाचं पाणी स्वच्छ राहणं मोठं. उलट जिथे दोन नद्यांचे मासे मिसळलेत, जिथे हॅचरी चालू आहे, जिथे प्रजातीच नक्की नाही, तिथे आमच्याशिवाय पाऊल टाकू नये.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते.

पदवीचे दोन रस्ते आहेत. एक मत्स्यविज्ञानाचा: शिरगाव (रत्नागिरी), नागपूर किंवा उदगीरच्या महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी., पुढे एम.एफ.एस्सी., आणि मग कृषी संशोधन सेवेची परीक्षा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो या बाजूच्या. तुम्ही प्राणिशास्त्रातून येताय, म्हणून तुम्हाला दुसरा रस्ता जवळचा: नेटची परीक्षा, कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आणि विद्यापीठात किंवा आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) संस्थेत पीएच.डी. ही शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. कायम पदांच्या जाहिरातीत कुठली पदवी मागतात हे आत्ताच वाचून ठेवा, पाच वर्षांनी कळून उपयोग नाही.

पोट भरेल का? भरेल, पण सलग भरेलच असं नाही. पीएच.डी.नंतर प्रकल्पांवरच्या तात्पुरत्या जागा असतात आणि दोन प्रकल्पांच्या मध्ये रिकामे महिने येतात. माझ्या बाबतीत एकदा अकरा महिने आले. तेव्हा नवऱ्याचा पगार होता म्हणून मी टिकले. घरी कर्ज असेल, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर आधी शिकवण्याची कायम नोकरी धरून सुट्ट्यांत नदीचं काम करणारे माझे दोन उत्तम सहकारी आहेत. त्यांना मी कुठेही कमी समजत नाही.

प्रयोगशाळा निवडताना तिथली यंत्रं बघू नका. डीएनए वाचून देणाऱ्या कंपन्या आता आहेत, नमुना पाठवला की क्रम घरी येतो. मार्गदर्शकाला विचारा: तुमच्या निष्कर्षामुळे कोणाचा निर्णय बदलला? मत्स्यव्यवसाय खात्याचा, वनखात्याचा, एखाद्या हॅचरीचा? नाव सांगता आलं तर ती प्रयोगशाळा चांगली. आणि संख्याशास्त्र शिका, आर ही संगणकभाषा शिका. माझ्या वेळेचा निम्म्याहून जास्त भाग त्यातच जातो.

परवानग्यांना वेळ धरा. अभयारण्यातल्या नदीत परापासून खवल्यापर्यंत काहीही घ्यायचं तर वनखात्याचं पत्र लागतं, आणि पत्राला महिने लागतात. पावसाळा कोणासाठी थांबत नाही, एक हंगाम हुकला की वर्ष जातं.

नमुना घेणं ही अगदी हाताची गोष्ट आहे. शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा, तो परत वाढतो. मासा ओल्या हातात, पाण्याच्या वर अर्धं मिनिट. तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये. आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत. पहिल्या मोठ्या दौऱ्यात मी कुप्यांवर मार्करने लिहिलं होतं. जीपच्या हादऱ्यांनी अल्कोहोल झिरपलं, शाई धुऊन गेली, आणि १४० कुप्यांपैकी ९०च्या वर नुसते पांढरे पराचे तुकडे उरले. डीएनए उत्तम होता, पण तो कुठल्या नदीचा हेच माहीत नव्हतं. ते सगळं फेकावं लागलं.

आणि नदीकाठच्या माणसाकडे जा, रिकाम्या हाताने आणि भरपूर वेळ घेऊन. एका भोई मामांनी मला बादलीतला महशीर दाखवून सांगितलं होतं, "ताई, ह्यो आमच्या नदीचा न्हाई, टाकलेला हाय. आमचा तोंडाला जाड असतो, ह्याचा ओठ बघा." ओठाच्या जाडीवर मी भरवसा ठेवला नाही, कारण महशीरचे ओठ एकाच प्रजातीतही कमीजास्त जाड असतात. पण त्यांनी दाखवलेल्या माशांवर मी वेगळी खूण केली. केंद्रकातला डीएनए वाचून झाला तेव्हा त्या सातपैकी सहा मासे खरंच हॅचरीच्या वंशाचे निघाले. त्यांना नक्की काय दिसतं हे मी अजून मोजू शकलेले नाही. तेव्हापासून दर नमुन्याच्या नोंदीत मी एक रकाना ठेवते: 'धरणाऱ्याच्या मते हा कुठला'.

तुम्ही कोल्हापुरात आहात म्हणून एक सुचवते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, चार नद्या तुमच्या दाराशी आहेत. त्यातली एक निवडा. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत सुरू करा, महिन्यातून दोनदा त्याच तीन जागी जा. मासा मारू नका, जाळ्यात जो आला त्याचा पट्टीशेजारी ठेवून फोटो, अंगाच्या बाजूला डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजून, स्थानिक नाव आणि धरणाऱ्याचं मत, एवढं वहीत लिहा. पाण्याचं तापमान घ्या, साधा तापमापक चालेल. पीएच.डी.च्या मुलाखतीला ती वही बरोबर न्या. नमुने घेण्याची परवानगी मिळेपर्यंत वर्ष जाईल, तोवर कुठल्या माशाचा डीएनए वाचणं खरंच गरजेचं आहे हे तुम्हाला त्या वहीतूनच कळायला लागेल. कुठली नदी घेतलीत ते कळवा, पहिल्या महिन्याच्या नोंदी मी बघून देईन.